तिसऱ्या मजल्यावरचा विभाग

प्रिय ठमाबाई,

विद्यापीठाचा वार्षिक अहवाल काल घरी आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर निळंशार आकाश, त्याखाली मुख्य इमारत आणि तिच्यासमोर कारण नसताना हसणारी चार मुलं. नाव ठेवलंय 'आव्हानांचं आणि यशाचं वर्ष'. तुझ्या आईनं उभ्या उभ्या चाळला आणि म्हणाली, "आव्हानं दीड पानात आटोपली की हो! बाकी सगळं यशच." मी म्हटलं, अगं, लग्नाच्या अल्बममध्ये उसनवारीचे फोटो कुणी लावतं का? असो. मागे फोनवर तू एकच विचारलं होतंस, आपला श्रवणविभाग राहणार की बंद होणार, आणि मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. तू पटकन फोन ठेवलास. बरोबरच केलंस. आठ वर्षं जिथं लोकांचे कान तपासलेस, मुलांना शिकवलंस, त्याच्याबद्दल बापाकडून 'बघू' ऐकायचं म्हणजे कठीणच. म्हणून आज सगळं क्रमानं लिहितो, अहवालात आहे ते आणि नाही तेही.

मला 'उद्योगक्षेत्राचा प्रतिनिधी' म्हणून व्यवस्थापन परिषदेच्या त्या लांबलचक टेबलाशी बसवलं, तेव्हा तू बजावलं होतंस, "बाबा, तिथं लिफ्ट दुरुस्त करायची नाहीये, तोंड आवरायचंय." तोंड आवरलं, पण कानांचं काय करणार? उमेदीची सगळी वर्षं लिफ्टच्या टपावर बसून काढली. खाली डब्यात माणसं बोलत असतात आणि वर कुणी पाना घेऊन बसलंय हे त्यांच्या गावीही नसतं. कुठला शेठ कुणाला बुडवणार, कुणाची सोयरीक मोडणार, मला आधी कळायचं. परिषदेत तीच विद्या कामी आली. "तत्त्वतः मान्य" म्हणजे नाही. "सकारात्मक विचार करू" म्हणजे मुळीच नाही. आणि कुलसचिव चष्मा पुसायला लागले की समजायचं, पैसे आधीच खर्च झालेत.

वर्षाच्या पहिल्याच बैठकीत त्यांनी चष्मा दोनदा पुसला. सरकारी अनुदान उशिरा आलं आणि आलं तेही काट मारून. वसतिगृहाच्या गळक्या छतावर आधीच बराच पैसा गेला होता, आणि विजेचं बिल तर मारक्या बैलासारखं अंगावर येत होतं. आपले वित्ताधिकारी, ज्यांना तुम्ही सगळे टाचणीसाहेब म्हणता, ते कपातीची यादी घेऊन उभे राहिले. त्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. दुसऱ्याचा दिवा विझवायच्या आधी त्यांनी स्वतःच्या खोलीतला एसी काढून टाकला आणि उन्हाळाभर ओल्या रुमालावर काम केलं. पण यादी ती यादीच. जुन्या इमारतींतल्या लिफ्ट बंद. मुख्य सभागृह बाहेरच्या समारंभांना भाड्यानं. कंत्राटी शिक्षकांना मुदतवाढ नाही.

त्या शेवटच्या ओळीत तू होतीस. आदल्या रात्री जेवताना तू मला सांगितलं होतंस, "माझ्यासाठी एक अवाक्षरही काढायचं नाही. काढलंत तर मी मुदतवाढ मिळाली तरी घेणार नाही." म्हणून मी पंख्याकडे बघत बसलो. बाकीचे माझ्याकडे बघत होते. मग तू सामान बांधलंस, परगावच्या इस्पितळात रुजू झालीस आणि आमच्याकडे रविवारच्या फोनची सोय झाली. याबद्दल तक्रार नाही. तुझा हट्ट माझ्याच घरात वाढलेला आहे.

सभागृहाची गंमत मात्र तुला कुणी सांगितली नसेल. ते तुमच्या इमारतीला अगदी खेटून, हे सगळ्यांना माहीत. पण भाड्यानं देताना कुणाच्या डोक्यात आलं नाही. पहिलंच गिऱ्हाईक लग्नाचं, स्वागतसमारंभ, आणि बँडवाले सकाळपासून सराव करत होते. वर तुमच्या आवाजबंद खोलीत एका आजोबांची तपासणी चालू. खोलीच्या दाराचं रबर झिजलंय, ते बदलायचा अर्ज कपातीत अडकलेला. कानात टिक ऐकू आली की बटण दाबायचं, हे तू मला शिकवलं आहेस. आजोबा ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला बटण दाबत होते. तुझ्या विभागप्रमुख मॅडम मला म्हणाल्या, "कागदावर बघाल, तर या शहरात सगळ्यांत तीक्ष्ण कान ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचे आहेत. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, मग आमच्याच हाका तेवढ्या कशा ऐकू येत नाहीत?" त्यानंतर समारंभ संध्याकाळीच घ्यायचे असं ठरलं. सभागृहानं पैसे चांगले दिले, हेही खरं. त्याच पैशांतून परीक्षा विभागातल्या हंगामी माणसांचे थकलेले पगार निघाले.

आणि यशाची पानं खोटी नाहीत हो. रसायनवाल्यांनी पाणी गाळायची एक स्वस्त चकती काढली, तिला पेटंट मिळालं आणि एका कारखान्यानं ती घेतलीसुद्धा. छपरांवर सौर पट्ट्या बसल्या. त्यांचा खर्च जुन्या विद्यार्थ्यांनी उचलला. कुलगुरूबाईंनी एकेकाला स्वतः फोन केला. बाई गणिताच्या, पण मागताना लाजत नाहीत. मूल्यांकनाची समिती आली तेव्हा तिच्या वाटेवरच्याच भिंती रंगवल्या, हे आलंच. पण समितीतल्या एक बाई मुद्दाम मागच्या जिन्यानं गेल्या, आणि तरीही श्रेणी वाढली. म्हणजे आत काहीतरी पक्कं आहे.

आता तुझ्या विभागाचं. हिवाळी बैठकीत टाचणीसाहेबांनी पडद्यावर एक रेघ दाखवली. तुमच्याकडे येणाऱ्या रुग्णांची. आधी बरी सरळ चालली होती, मग अशी घसरली की मुलं घसरगुंडीवरून येतात तशी. "मागणीच उरलेली नाही," ते म्हणाले, "तेव्हा विभाग बंद करून जागा मोकळी करावी." वाणिज्यचे प्राध्यापक पुटपुटले, "शहराचे कान बरे झाले वाटतं," आणि सगळे हसले. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. तू आता तिथं नव्हतीस, म्हणजे तुझी बोलण्यावरची बंदी मला लागू नव्हती, असा मी सोयीचा अर्थ काढला आणि एका सकाळी तिथं गेलो.

लिफ्ट बंद, म्हणून जिना. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोघी म्हाताऱ्या जावा पायरीवर बसलेल्या. मी भिंतीला टेकून दम खात होतो. धाकटी म्हणत होती, "चला हो, एकच मजला राहिला." थोरली तिच्याहून मोठ्यांदा, "राहू दे बाई! एवढं चढून ऐकू यायला लागलं, तरी ऐकायचं काय? तुझीच बडबड ना?" धाकटी म्हणाली, "मग मी इतकी वर्षं ओरडतेय ती काय हौस म्हणून?" दोघी हसल्या, उठल्या आणि खाली निघून गेल्या. मी वर पोचलो तेव्हा बाहेरची बाकं रिकामी. तुझ्या मॅडम एकट्याच यंत्रांवरची धूळ पुसत होत्या.

मी लिफ्टवाला, आणि मला ते तोवर सुचलं नव्हतं. पुढच्या बैठकीत मी एवढंच विचारलं, "साहेब, ही रेघ कुठल्या महिन्यात वाकली?" त्यांनी महिना सांगितला. "आणि लिफ्ट कधी बंद केल्या?" त्यांनी यादी काढली, ओळीवर बोट ठेवलं आणि तोच महिना वाचला. मी म्हटलं, "ज्यांना ऐकू येत नाही ते बहुतेक म्हातारे. त्यांना आपण जिना दिला आणि वर म्हणतोय, कुणी येत नाही. लिफ्ट बंद करायला हात सगळ्यांनी वर केले होते, माझाही होता, तेव्हा दोष वाटून घेऊ." कुलगुरूबाई हसल्या. टाचणीसाहेब हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उभं राहून लिफ्ट चालू करून घेतली, फक्त सकाळी आणि फक्त तपासणीच्या दिवशी. दुरुस्तीचं काम आपल्या लिफ्टच्या कंपनीकडे नाही, हे तुला ठाऊक आहे. परिषदेवर बसल्या दिवसापासून मी तिथल्या एका खिळ्यालाही हात लावलेला नाही. उन्हाळ्यापर्यंत बाकं पुन्हा भरली. दाराचं रबरही बदललं. विभाग राहिला, ठमे.

पण गोष्ट इथं संपत नाही. अभ्यासक्रमाला मान्यता देणाऱ्या मंडळानं कळवलं की कायम शिक्षक नसेल तर पुढची तुकडी घेता येणार नाही. म्हणून गेल्या महिन्यात एक कायम जागा मंजूर झाली. तो विषय निघाला तेव्हा मी बाहेर जाऊन बसलो. तरी व्हायचं ते झालंच. परवा हात धुवायला गेलो, तर पलीकडे दोघं बोलत होते. "विभाग कसला वाचवतोय म्हातारा, लेकीसाठी खुर्ची राखून ठेवलीय." दुसरा म्हणाला, "लिफ्टवालाच तो. बरोबर मजल्यावर नेऊन सोडणार." वाक्य चांगलं होतं, मला हसूच आलं. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "ती अर्जच करणार नाही. तुम्ही तिथं बसलेले असताना तर नाहीच नाही. आणि करू नये तिनं."

रात्रभर नाही, पण सकाळचा चहा होईपर्यंत मी यावर विचार केला. मग गेलो आणि कुलगुरूबाईंच्या हातात परिषदेचा राजीनामा ठेवला. मुदत अजून शिल्लक होती. त्या म्हणाल्या, "कारण?" मी म्हटलं, "घरगुती." त्यांनी जास्त विचारलं नाही. खरं सांगतो, मला ते टेबल आवडत होतं. सातवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाला शिकलेली माणसं वळून विचारतात, "आपलं काय मत?" याची गोडी लागते. जाहिरात पुढच्या आठवड्यात येईल; निवड करायला बाहेरचे तज्ज्ञ आहेत, त्यांतल्या एकालाही मी ओळखत नाही. जे बोलायचे ते तरीही बोलतील, लोकांच्या तोंडाला झाकण नसतं. तू अर्ज कर असं मी म्हणत नाही. तिकडे तुझं बस्तान बसलंय, इस्पितळ चांगलं आहे, पगार वेळेवर मिळतो, आणि तो इथं मिळेलच याची हमी पुढच्या वर्षीचा अहवालही देणार नाही. मला एवढंच कळवायचं होतं की मी आता तिथं नाही. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण ते तुझ्या कारणासाठी असू दे, माझ्यामुळे नको.

तुझाच,
आजपासून नुसताच
बाबा