बाळंतिणीच्या खोलीतला धूर

९ डिसेंबर, कुंभार पिंपळगाव

जालन्याहून दुपारी माहेरी आले. साधी डिलिव्हरी, म्हणून दवाखान्यातनं जल्दी सोडलं. मुलगी. आई खूश.

घरात पाय ठेवल्या ठेवल्या आईनं पहिलं काम काय केलं, तर आतल्या खोलीची एकुलती एक खिडकी लावून घेतली. नुसती लावली न्हाई, फटींत चिंध्या कोंबल्या. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून.

मंग शेगडी आली. गोवऱ्यांचे निखारे, वर ओवा, लसणाची टरफलं, बाळंतशेपा. माझ्या बाजेखाली सरकवली आणि दार ओढून घेतलं. मी म्हणलं, आई, मला दमा आहे. जसं काही तिला आजच सांगून राह्यले. लहानपणी मला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात पळणारी हीच बाई.

"ह्या धुरानंच छाती मोकळी होती," म्हणे.

दम्याचा पंप ओढला तर तिनं तोंड फिरवून घेतलं.

१० डिसेंबर

सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. डोळे चुरचुरतात. बाळ शिंकून राह्यलं. आई म्हणते शिंकलं म्हणजे डोकं मोकळं झालं. हिच्या राज्यात काहीही झालं तरी मोकळंच होतं.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते लिहून टाकते. आई बुद्धविहारात बायकांपुढं उभी राहून बोलते. नजर काढू नका, लिंबू बांधू नका, अंगारे-धुपारे सोडा. शेजारच्या शांताकाकू काल बाळाला काळा टिक्का लावायला आल्या, तर आईनं त्यांचा हात धरला. आमच्यात चालत न्हाई, म्हणाली. मला बरं वाटलं. आणि लगेच तीच बाई शेगडी फुंकत आत.

विचारलं, हे कोणत्या विज्ञानात बसतं?

"ही अंधश्रद्धा न्हाई. हा शेक हाय."

विषय खतम.

१२ डिसें.

पंप गायब. उशीखाली ठेवला होता. सगळी बाज उलथीपालथी केली. शेवटी धान्याच्या कोठीवर सापडला, मागं सरकवलेला. म्हणजे ठेवला न्हाई, लपवला.

"त्यानं दूध आटतं. शांताबाईच्या सुनेचं आटलं."

शांताकाकूंच्या सुनेला दमाच न्हाई. ती कुठला पंप ओढणार? हे बोलले तर, तू लई वाद घालते. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं होतं, पंप चालू ठेवायचा, दुधाला काही होत न्हाई, खोली हवेशीर पाहिजे, धूर बिलकुल नको. आई तेव्हा बराबर मान हलवून राह्यली होती. कशाला हलवली मंग?

नवऱ्याला फोन लावला. संदीप म्हणतो, "थोडे दिवस अॅडजस्ट कर ना. आई आहे तुझी."

अॅडजस्ट करायला आधी श्वास लागतो बाबा. फोन ठेवून दिला.

१४ डिसें.

तह झाला. धुरी मी न्हाणीत असताना करायची, मी खोलीत नसताना. आई लगेच तयार झाली. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

आंघोळ करून आले. धूर दिसत न्हाई. आडवी झाले तर उशीला वास, गोधडीला वास, बाळाची झबली, लंगोट, टोपरं, सगळ्याला तोच वास. मी तिकडं असताना एकेक कापड धुरावर धरून शेकलेलं. घड्या घालून ठेवलेलं, किती मायेनं. खिडकी बंदच.

"आता धूर कुठं हाय? दाखव मला."

दिसत न्हाई म्हणजे न्हाई. त्या गोधडीत तोंड घालून मी झोपायचं आणि पोरीनंही. डोकं फिरून गेलं माझं.

१५ डिसें.

दवाखान्यातनं आले, आता लिहिते.

दुपारी बाळ अंगावर पीत होतं. छाती आवळत गेली. पंप घेतला, पुन्हा घेतला, फरक न्हाई. शब्द फुटेना. बाळ आईच्या हातात दिलं आणि खुणेनं विजयला बोलवलं. माझा धाकटा भाऊ. त्यानं गाडी काढली. गावातल्याच दवाखान्यात नेलं, मशीननं वाफ दिली. वाटलं, पोरीला अजून नाव पण ठेवलं न्हाई आपण.

डॉक्टरनं विचारलं, "घरात धूर-बिर करता का?"

आई म्हणाली, "न्हाई."

सरळ. पापणी न हलवता. माझ्या तोंडावर मास्क, मी काय कप्पाळ बोलणार. आणि गंमत बघा, ह्या डॉक्टरच्या टेबलावर देवाच्या फोटोपुढं उदबत्ती जळून राह्यलेली. दम्याचा पेशंट खाटेवर आणि तिचा धूर सरळ माझ्याकडं.

मास्क निघाल्यावर माझं पहिलं वाक्य, "ती विझवा." दुसरं, "आई खोटं बोलली."

त्यानं उदबत्ती विझवली, शरमला असावा. मंग आईला म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी इथवर आणायलाही वेळ मिळायचा न्हाई."

१६ डिसें.

आईशी बोलले न्हाई. ती पण न्हाई. शेगडी आली न्हाई, चिंध्या मात्र तशाच. विजय निरोप्या झालाय.

"आई विचारते, डिंकाचा लाडू खाणार का?"

सांग तिला, खाणार. भांडण लाडवाशी न्हाई.

१७ डिसें.

आई पायाशी येऊन बसली. बाळाकडं बघत बोलत राह्यली, माझ्याकडं न्हाई.

"तू झाली तवा मला कोणी शेक दिला? मी लोकाच्या घरी गोवऱ्या पोचवायची. मोठ्या घरच्या बाळंतिणी. दारातच टोपली उतरव म्हणायचे, आत येऊ नको. आतून ओव्याचा वास यायचा. वाटायचं, आपल्याला बी असं कोणी निजवावं. तू आठवड्याची न्हाई तर तुला झोळीत टाकून कापूस वेचायला गेल्ते. कंबर तवापासून गेली ती गेली. तवाच ठरवलं, पोरीच्या शेकात कसर ठेवायची न्हाई."

हे मला आजपर्यंत सांगितलं न्हाई तिनं. मला रडू आलं. त्या दारातल्या लोकांचा इतका राग आला, आणि आता तो काढायचा तरी कुणावर? पण आईवरचा राग गेला न्हाई. खोटं कशाला लिहू.

म्हणलं, "तुला मिळाला न्हाई म्हणून माझा जीव जाईस्तोवर देणार का?"

आई उठून गेली. चांगलं बोलले न्हाई मी. पण चुकीचं पण न्हाई बोलले.

१९ डिसें.

जाग आली तर खोलीत ऊन. आईनं खिडकीतल्या चिंध्या उपसून काढलेल्या. गोधड्या अंगणात वाळत घातलेल्या, बाळाचे कपडे पुन्हा धुतलेले. बाहेर चुलीवर विटा तापवल्या, फडक्यात गुंडाळून माझ्या कमरेला लावल्या. शेक आहे, धूर न्हाई. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर काय बिघडलं असतं? तोंड मात्र फुगलेलं. माझंही होतंच.

शांताकाकू आल्या. "उघड्या खिडकीत बाळंतीण? वात व्हईल तिला."

आई म्हणाली, "होऊ द्या. श्वास तर घेता यील."

काकू चहा न घेताच गेल्या.

२१ डिसें.

संदीपचा फोन. तिकडं आमची खोली बाळासाठी रंगवली म्हणे, सरप्राइज. वर मच्छर अगरबत्तीचे पुडे आणून ठेवले आणि खिडक्यांना प्लॅस्टिक लावलं, थंडी लागू नये म्हणून. एक आई कशीबशी वळवली तर हा नवरा. शिकलेला. बियाण्याच्या कंपनीत गोदामाला हवा खेळती पाहिजे म्हणून सुपरवायझरशी भांडतो. बियाण्याला हवा लागते हे कळतं, बायकोला लागते हे कळत न्हाई.

म्हणलं, रंगाचा वास पुरता जाईस्तोवर मी येत न्हाई. अगरबत्ती फेक, मच्छरदाणी आण.

"तुझं जरा जास्तच असतं," म्हणाला.

हो. असतं.

२४ डिसें.

सकाळपासून बाळाच्या छातीत बारीक आवाज. ओळखीचा आवाज.

लगेच जालन्याला. विजय, मी, आई. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ नळी लावून ऐकलं. सर्दी असेल, किंवा आईचा दमा उतरला असेल, एवढ्या लहान बाळाचं आत्ताच सांगता येत न्हाई. औषध दिलं. काय काय झालं की लगेच आणायचं ते सांगितलं. परवा परत दाखवायचं.

त्यांनी काही विचारायच्या आत आईच बोलली. "धूर मी केला. हिच्या बाजेखाली केला. बाळाची कापडं बी धुरावर धरली." सगळं सांगितलं, काही राखलं न्हाई. मंग विचारलं, "माझ्यामुळं झालं का बाई?"

त्या म्हणाल्या, आता धूर बंद ठेवा. एवढंच.

घरी आलो. आईनं तेच मला विचारलं. "माझ्यामुळं झालं का गं?"

न्हाई म्हणायला तोंड उघडलं होतं. पण न्हाई म्हणलं तर उद्या विजयचं लग्न झालं की त्याच्या बायकोच्या बाजेखाली हीच शेगडी जाईल. आणि हो म्हणलं, तर आई पुन्हा या पोरीला हातात घेणार न्हाई, मला माहीत आहे. खरं काय ते मलाच ठाऊक न्हाई. ज्या बाईचा इतका राग राग केला तिला आज धीराचा एक शब्द देता येईना.

बाळ पिऊन राह्यलं, आवाज चालूच आहे. आई दारात उभी आहे, आत येत न्हाई.