ढोल थांबल्यावर

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. माझी तब्येत ठीक आहे. युनियनच्या सभांत ओरडून घसा बसलाय. डॉक्टर म्हणतात, गप्प बसा. तेवढं एक औषध मला लागू पडत नाही. आईचं पुढे लिहिते.

तुझ्या अल्बमवर परवा वर्तमानपत्रात अर्धं पान आलं. एक घर, प्रत्येक खोलीचं एक गाणं, आणि शेवटच्या खोलीत मरणाला टेकलेला माणूस. तो निघाला तेव्हा हीच मंडळी म्हणाली होती, रॉकच्या नावाखाली रडगाणं गातोय. दुकानांतून परत आलेल्या रेकॉर्डच्या खोक्यांवर आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं इस्त्रीचे कपडे ठेवले. आता त्याच रडगाण्याला ते काळाचा आरसा म्हणतात. मला या कौतुकाची चीड येते. दिवस वाईट आल्यावर यांना ऐकू आलं. तुला ते आपल्या घरात, भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

असो. भाषण पुरे.

तू लिहितोस, नव्या आवृत्तीत शेवटच्या गाण्याखालचा बाबांचा श्वास पुसून टाकणार आहेस. कंपनीच्या कागदावर सही तेवढी बाकी आहे. ‘आईला सांग, उशिरा का होईना, तिचं ऐकलं.’ बाबांच्या उशीखाली तू माईक लपवला होतास, हे तिला रेकॉर्ड वाजल्यावर कळलं. “माझ्या माणसाची घरघर विकतोस?” म्हणाली, आणि तुझी बॅग दाराबाहेर ठेवली. तेव्हापासून तू आलेला नाहीस.

तर आता माझं ऐक. आई ती रेकॉर्ड ऐकते. कधीपासून, देव जाणे. गेल्या वर्षी मी एकदा लवकर घरी आले, तर ही स्पीकरला कान लावून बसलेली.

“अगं, तुला कळतं का हे गाणं?”

“गाण्याला काय जाळायचंय? तो मेला ढोल मध्ये मध्ये येतो. तो थांबला की हे असतात.”

“धाकट्याला कळवू?”

“काही नको. डोक्यावर बसेल.”

म्हणून गप्प राहिले. आज तिचं न ऐकता लिहिते आहे. तू तिची माफी मागायला जे पुसायला निघालास, त्याच्यावर ती दिवस काढते आहे. सही करू नकोस. काढायचाच असेल तर ढोल काढा म्हणावं.

आता आईचं. पंधरवडा झाला, ती उठलेली नाही. बाबांच्या खोलीत, त्यांच्याच पलंगावर आहे. संध्याकाळी मी रेकॉर्ड लावून देते. काल ढोल थांबला आणि मला दोन श्वास ऐकू आले. स्पीकरमधला कुठला आणि पलंगावरचा कुठला, मला सांगता येईना.

तिने तुला बोलावलेलं नाही. तिला ओळखतोस, बोलावणारही नाही. मी बोलावते आहे. माईक आणू नकोस. नुसता ये, आणि लवकर.

डॉक्टरांचं औषध अखेर लागू पडलं बघ. त्या खोलीत मी तोंड उघडत नाही. बोललं की तिचा श्वास ऐकू येत नाही.

गप्प बसून तुझी वाट पाहणारी,
ताई