हा आकडा धरू नका

९ मार्च

तीर्थरूप बाबांस,

नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला बराच कमी झालाय, कुरकुर मात्र आहे तेवढीच.

नात तुमच्या दवाखान्यात कधी बसणार, हे तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता. उत्तर देते, पण आधी काल तिच्या पीएचडीच्या परीक्षेत काय झालं ते ऐका. डॉक्टरकी अर्ध्यावर सोडून ती रसायनशास्त्राकडे वळली, तेव्हापासून तुम्ही तिच्याशी बोलत नाही. म्हणून मीच सांगते.

रक्तात लोखंड असतं हे मला लहानपणी तुम्हीच शिकवलंत. मग ते चुंबकाला का चिकटत नाही, असं विचारलं तर "जास्त शहाणपणा नको" म्हणालात. तुमची नात नेमकं तेच मोजते. ऑक्सिजन नसलेल्या काळपट रक्तातलं लोखंड चुंबकाकडे अगदी किंचित ओढलं जातं. ऑक्सिजन मिळालेलं लालभडक रक्त उलट जरासं दूर सरतं. गंमत म्हणजे एकटा ऑक्सिजनही चुंबकाकडे ओढला जातो, पण लोखंडाशी बंध जुळला की दोघांचीही ओढ संपते.

"म्हणजे लग्नच की," हे म्हणाले. मी डोळे वटारले.

काल आम्ही दोघं मागे बसलो होतो, आणि परीक्षकांसमोर तिने काळपट रक्ताची काचेची नळी तराजूला टांगून चुंबकाच्या दोन टोकांमध्ये सोडली. बटण दाबून चुंबक चालू केला की तेवढ्याच पाण्याच्या मानाने नळी खाली ओढली जाते आणि वजन वाढल्यासारखं दिसतं. तसं दिसलंही. परीक्षक "छान, छान" म्हणत सहीसाठी पेन शोधू लागले.

आणि ही बया म्हणते, "सर, थांबा. हा आकडा धरू नका. बुचातून हवा शिरलीय, वरचं रक्त लाल झालंय. ओढ कमी भरतेय."

कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, बाबा! तिच्या सरांनी कपाळाला हात लावला. हे माझ्या कानात कुजबुजले, "गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं?" तिने नवं रक्त भरलं आणि त्यातला ऑक्सिजन काढण्यात सगळी दुपार घालवली. एक परीक्षक तर चिडून निघायच्या बेतात होते. संध्याकाळी पुन्हा मोजलं, तर ओढ चांगलीच जास्त भरली. त्या चिडक्या परीक्षकांनीच उठून तिचा हात हातात घेतला.

मला रडू आलं. रिपोर्ट मनासारखा आला तरी खात्री नसेल तर पुन्हा रक्त काढायला लावणारे तुम्ही. पेशंट वैतागायचे, तुम्ही ऐकायचा नाहीत. खाण तशी माती! माझी मान काल जी ताठ झालीय, ती अजून खाली यायला तयार नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ती दवाखान्यात बसणार नाही. आजवर "बघू" म्हणत आले, कारण तुमचं मन मोडवेना. तिच्या नावाची जी पाटी करून ठेवलीय ती काढा. तुमच्या कंपाउंडरची मुलगी डॉक्टर झालीय, खुर्ची तिला द्या. ती रिकामी ठेवून पेशंटांची आणखी आबाळ नको.

पोस्टमन येऊन गेला की ही विचारते, "आजोबांचं माझ्यासाठी काही?" मी नाही म्हणते आणि ती कामाला लागते. या वेळी मला नाही म्हणायला लावू नका.

तुमची हट्टी लेक,
आणि तुमच्याहून हट्टी मुलीची आई