डाव्या स्टेअरिंगची गाडी

अण्णा,

आज कंपनीच्या आवारात एक गाडी उतरली, तिचं स्टेअरिंग डाव्या बाजूला आहे. चाकणला आमच्याकडे अशा गाड्या अधूनमधून येतात. परदेशातल्या कारखान्यातून चाचणीसाठी पाठवतात, इथल्या उन्हात आणि खड्ड्यांत काही महिने फिरवतात आणि मुदत संपायच्या आत पुन्हा बोटीवर चढवतात. नंबरप्लेटही तिकडचीच असते. त्या गाड्या देशात आणायच्या आणि वेळेवर देशाबाहेर काढायच्या, हे माझं काम. सवयीचं झालंय, काही वाटत नाही. पण आज आमच्या हिशेब विभागातल्या एक बाई गाडीवरून हात फिरवत म्हणाल्या, “किती छान आहे हो! ही इथेच ठेवून घेता येत नाही का?” मी म्हटलं, “नाही. आली तशी जायला पाहिजे.” म्हणताना माझा आवाज असा काही चढला की त्या बिचाऱ्या हात मागे घेऊन दोन पावलं सरकल्या. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच बंद ठेवून मी हे लिहायला बसले आहे.

तुमची गाडी पांढरी होती. मस्कतला ज्यांच्याकडे तुम्ही ड्रायव्हर होतात त्यांनी नवी घेतली आणि ही जुनी तुम्हाला दिली. तुम्ही ती स्वतःच्या नावावर करून बोटीने मुंबईला आणलीत, आणि एका दुपारी आपल्या माण गावाच्या वेशीतून हॉर्न वाजवत आत आलात. मी बालवाडीत होते तेव्हा तुम्ही गेला होतात. मधल्या सगळ्या वर्षांत तुम्ही सुट्टीवर यायचात, अत्तराचा वास आणि खजुराचे डबे घेऊन, आणि मला तुमच्याशी बोलायची सवय लागेपर्यंत परतीचं तिकीट यायचं. या वेळी मात्र फोनवर आईला म्हणाला होतात, “आता कायमचा येतो. गाडी घिऊनच येतो.” आईने ते सगळ्या आळीला सांगितलं. मी बी.कॉम. होऊन चिंचवडला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात नुकतीच लागले होते. कारखान्यांची परदेशी यंत्रं बंदरातून सोडवून आणायचं काम. आई म्हणाली, “तुजी नोकरी लागली आन् तुजे अण्णा आलं. आता मला काय नको.”

गाडी लावायला जागा नव्हती. अंगणात आईचा गोठा होता, दोन म्हशी. हिंजवडीला नव्या सोसायट्या उठत होत्या, तिथे आईचा दुधाचा रतीब होता. तुम्ही नव्हतात तेव्हा घर त्या दुधावर आणि तुमच्या मनिऑर्डरींवर चाललं, आणि मनिऑर्डर चुकायची तेव्हा नुसत्या दुधावर. ती आई म्हणाली, “गाडी काय उनात ठिवायची? गोठा पाडू. आता मला कशाला पायजे शेणामुताचं काम?” तुम्ही काहीच बोलला नाहीत. गवंडी आला, गव्हाण फोडली, कोबा घातला, वर पत्रे टाकले. म्हशी न्यायला टेम्पो आला तेव्हा थोरली चढेना. आई तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी होती, तिला ओढवेना. मग तुम्ही पुढे झालात, दावं हातात घेतलंत आणि तिला फळीवरून वर चढवलंत. ते दावं धरलेले तुमचे हात मला आत्ताही दिसतात. त्या वेळी मला ते प्रेमाचं काम वाटलं होतं. बायकोला जड जातंय म्हणून नवरा पुढे झाला, असं.

खोटं कशाला बोलू, ते महिने मला आवडले होते. डाव्या बाजूला बसून आपल्या रस्त्यावर गाडी चालवायची म्हणजे पुढच्या ट्रकच्या पलीकडचं काही दिसत नाही. त्यामुळे उजव्या सीटवर मी बसायची. तुम्ही विचारायचात, “हाय का गं?” मी मान बाहेर काढून सांगायची, “येतोय एक. थांबा. गेला. घ्या आता.” आणि तुम्ही घ्यायचात. माझ्या एका शब्दावर तुम्ही गाडी उजवीकडे काढायचात, क्षणभरही शंका न घेता. जन्मात कधी आपण दोघं इतकं बोललो नव्हतो. चिंचवड स्टेशनजवळ एकदा हवालदाराने अडवलं आणि सरळ माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, “लायसन दाखवा, ताई.” मी दोन्ही हात वर करून दाखवले, पुढे स्टेअरिंगच नाही. तो वाकून आत बघतो, तर पलीकडे तुम्ही हसताय. तोही हसायला लागला. “काय राव, कुठली गाडी ही?” तुम्ही म्हणालात, “पाव्हणी हाय साहेब, लांबनं आलीय.” घरी आल्यावर मी आईला हे साभिनय करून दाखवलं आणि आपण तिघंही हसत बसलो. तो शब्द तुम्ही अगदी खरा वापरला होतात, हे मला तेव्हा कसं कळणार?

कळलं ते ऑफिसात, चहा पिताना. आमचे साहेब या धंद्यात मुरलेले, त्यांना मी मोठ्या कौतुकाने म्हटलं, “अण्णांच्या गाडीचं इथलं पासिंग करायचंय. आपल्या ओळखीचं कोणी आहे का?”

“कुठली गाडी?”

“मस्कतची.”

“स्टेअरिंग कुठल्या बाजूला?”

“डाव्या.”

त्यांनी कप खाली ठेवला. “अहो, डाव्या स्टेअरिंगचं इथं पासिंग होतच नाही. तुमचे वडील सहा महिन्यांच्या परवानगीवर घेऊन आलेत. फिरायला आणतात तशी. मुदतीत परत न्यावी लागेल. आणि ती परवानगी तरी कोणाला मिळते? जो तिकडेच राहतो त्याला.”

“मग नियम बदललाय का?”

“बदलला कुठला? आधीपासून असाच आहे. बोटीवर चढवतानाच सांगतात सगळं. त्यांना माहीत असणारच की.”

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तुम्ही पत्र्याखाली गाडी पुसत होतात. मी म्हटलं, “अण्णा, या गाडीचं पासिंग होत नाही म्हणतात.” तुम्ही फडका पिळलात, झटकलात आणि म्हणालात, “बगू.” इतकंच. पण रात्री जेवताना तुम्ही आईला सांगितलंत, “सरकारनं नवा नियम काढलाय. गाडी परत न्यावी लागंल. माज्या नावावर हाय, म्हंजी मलाच जावं लागंल. ठिवतो, इकून टाकतो आन् आलोच.” आईचा घास हातातच राहिला. मग तिने सरकारला अशा शिव्या घातल्या की शेजारची काकू डोकावून गेली. तुम्ही खाली मान घालून भाकरी खात होतात. मी तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत.

बंदरावर गाडी पोचवायला निघालात तेव्हा उजव्या सीटवर कोणीतरी हवंच होतं. मी रजा टाकली. एक्सप्रेसवे झाला होता, पण तुम्ही जुना रस्ता धरलात. “तसलं रस्तं तिकडं लई हायेत,” म्हणालात. लोणावळ्यापर्यंत मी सांगत होते, तुम्ही गाड्या मागे टाकत होतात. खोपोलीला घाट उतरलो आणि पनवेलच्या रस्त्याला आपल्या पुढे एक टँकर आला. दोन्हीकडची वाहतूक एकाच अरुंद रस्त्यावर. तुम्ही विचारलंत, “हाय का गं?” मी बोलले नाही. तुम्हाला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलंत. समोरचा रस्ता लांबपर्यंत मोकळा होता. मी काचेतून सरळ बघत बसले. टँकरचा काळा धूर आत येत होता, मागचे हॉर्न देत होते, एकेक करून आपल्याला मागे टाकत होते, आणि तुम्ही, ज्यांनी वाळवंटातून हजारो मैल गाडी चालवली, ते त्या टँकरच्या मागे बैलगाडीच्या चालीने चालला होतात.

बऱ्याच वेळाने तुम्ही म्हणालात, “तुला म्हायती हाय व्हय सगळं?”

“पहिल्या दिवसापासून ठरलं होतं ना, अण्णा? गाडी राहणारच नव्हती.”

“व्हय.”

“आणि तुम्ही?”

तुम्ही गियर बदललात. मग म्हणालात, “मला न्हाई गं करमत हितं. तुज्या आईसमोर बसलो की पाव्हन्यावानी वाटतं. ती चहा देती, मी पितो. पुढं काय बोलावं सुदरत न्हाई. तिकडं बरं असतं. गाडी काढ म्हणलं की काढायची, थांब म्हणलं की थांबायचं.”

“मग तसं सांगायचं तिला.”

“कसं सांगू? ती खूश झालती.”

“पाहुण्यासाठी कोणी गोठा पाडत नाही, अण्णा.”

पनवेलला टँकर आपसूक दुसरीकडे वळला. बंदराच्या फाटकाशी मला उतरवलंत, खिशातून एक सोन्याच्या पाण्याचं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलंत, आणि म्हणालात, “आईला जप.” हे तुम्ही मला सांगत होतात! ज्या मुलीने तुमच्या माघारी दुसरं काही केलंच नव्हतं, तिला. मी एस.टी.ने परत आले. घड्याळ एस.टी.तल्या शेजारच्या बाईच्या मुलीने मागितलं, मी देऊन टाकलं.

त्यानंतर तुम्ही आलात, नाही असं नाही. पाहुण्यासारखे आलात, पंधरा दिवस, तीन आठवडे. आईला दरवेळी म्हणायचात, “पुढच्या टायमाला कायमचा.” म्हशी पुन्हा घेऊ या, असं मी सुचवलं, तर आई म्हणायची, “आन् ते आलं म्हंजी? गाडी कुठं लावत्याल?” कोब्यावर पत्र्याखाली काहीच नसायचं. ती तो रोज झाडायची. हिंजवडीच्या सोसायट्यांना तोवर पिशवीचं दूध येऊ लागलं होतं, आणि जी बाई दारोदार जाऊन ताठ मानेने दूध घालायची ती त्याच सोसायट्यांत भांडी घासायला जाऊ लागली. मी पगार देत होते, तिने नको म्हटलं. “तुज्या लग्नाला ठिव. हे येत्याल तवर मी बघती.”

आणि मग तुम्ही तिकडेच गेलात. मालकीण दुकानात गेली होती, तुम्ही बाहेर गाडीत बसून होतात, ती परत आली तर तुम्ही उठला नाहीत. हृदय बंद पडलं म्हणाले. पेटी मुंबईला विमानाने आली, मालाच्या दारातून. तोवर त्या दारातल्या सगळ्यांना मी ओळखत होते, विमानाने येणारी यंत्रं सोडवायला तिथेच जायची. पण त्या दिवशी खिडकीत नवा माणूस होता. मान वर न करता त्याने विचारलं, “माल कोण घेणार?” मी म्हटलं, “मी.” “नातं?” “मुलगी.” तेव्हा कुठे त्याने वर बघितलं. मला रडू आलं नाही, अण्णा. इतकी चीड आली होती की रडायला जागाच नव्हती. माणच्या स्मशानात सगळे म्हणत होते, बिचाऱ्याची गावाकडे यायची फार इच्छा होती.

आई अजून माणलाच आहे. वरच्या खोल्या आयटीतल्या पोरांना भाड्याने दिल्यात. आता गुडघे गेलेत, पण बोलणं तिखट आहे. रविवारी मी जाते तेव्हा भाडेकरूंपैकी कोणीतरी नवा असतो आणि ती त्याला सांगत असते, “माजा माणूस कायमचा आलता. सरकारनं नियम काढला आन् न्हेला परत. न्हाई तर त्यो कशाला जातोय?” पोरं मान डोलावतात. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत ऐकते. असले नियम मला आता पाठ आहेत, कलमांसकट. त्यातलं एकही तुमच्या वेळी नवं नव्हतं. एका वाक्यात मी तिला सांगू शकते.

सुट्टी संपत आली, खालून गाडीची तपासणी करायला बोलावताहेत. हा कागद मी फाडून टाकणार आहे. तुम्हाला पोचवायचा तरी कुठे, आणि आईच्या हाती लागायला नको. आईला दुःख होईल म्हणून मी तिला सांगत नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. ते अर्धंच खरं आहे. माझ्याच्याने तुम्हाला माफ करवत नाही, आजही नाही. पण आपल्या घरात तुमच्यावर न चिडलेलं एक तरी माणूस असावं, असं मला वाटत आलंय.