नमुन्याच्या घरातले चार महिने

२ डिसेंबर, राजकोट

मान्य करावं लागलं. चार महिने नमुन्याच्या घरात राहायचं. एकट्यानं नाही, बायको-मुलीसकट.

गृहनिर्माण मंडळाच्या ऑफिसात मीटिंग होती. जमीन मंडळाची, पैसा आणि बांधकाम आमच्या कंपनीचं. पुढच्या बाजूला कंपनी दुकानं आणि विक्रीचे फ्लॅट काढणार; मागे जुन्या सरकारी क्वार्टरमधल्या चौऱ्याऐंशी कुटुंबांना नवी घरं फुकट. इमारत उभी आहे, आतलं काम चालू आहे. दुसऱ्या मजल्यावर एक घर नमुना म्हणून पूर्ण केलंय. ते रहिवाशांनी पसंत केलं की मंडळ पुढची परवानगी देणार. साधं काम. माझ्या अठरा वर्षांत अशा सह्या चहाबरोबर झाल्यात.

रंभाबेन परमार रहिवासी समितीच्या प्रमुख. घरी इमिटेशन ज्वेलरीच्या माळा ओवतात. मीटिंगमध्येही ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पंकजभाई, घर चांगलं आहे म्हणता ना?"

"एक नंबर आहे, बेन."

"मग राहून दाखवा. घरच्या बाईला आणा. चार महिन्यांनी ती सही करेल. आमची वेगळी नको."

मंडळाचे साहेब हसले. हसत हसत नोंदवून घेतलं.

गाडीत हरसुखभाई शेठ म्हणाले, "चार महिने पिकनिक समज."

११ डिसेंबर

हर्षिदा आणि धारा मोरबीहून आल्या. लग्नाला सोळा वर्षं झाली, ती तिथे माझ्या आई-वडिलांजवळ, बा-बापूजींजवळ, मी साइटवर. साइटवर राहायला जागा नसते, हे मी तिला दर दिवाळीत सांगत आलोय. आता जागा आहे.

तिचे वडील तीस वर्षं टाइल्सच्या कारखान्यात माल निवडायला होते. तिनं पिशव्या खाली ठेवायच्या आधी हातातल्या चावीनं फरशी ठोकायला सुरुवात केली. हॉलभर वाकून फिरली. "ही पोकळ. ही पण. ही बरी आहे. ही पोकळ."

मी म्हटलं, "त्यातल्या बऱ्याच खाटेखाली जातील."

"खाट कधी हलवायची नाही का?"

१२ डिसेंबर

बाथरूमचं पाणी जाळीकडे जात नाही. दाराकडे येतं. हर्षिदाला सांगितलं, थोडं ढकलावं लागतं. वायपर आणून दिला.

१३ डिसेंबर

वायपर तिनं माझ्या हातात दिला.

१९ डिसेंबर

आज फजिती झाली. काल संध्याकाळी हॉलमध्ये बसून शेठना फोन केला होता. म्हणालो, "काळजी करू नका, या बायकांना बांधकामातलं काही कळत नाही. दोन महिने मॅनेज करतो, मग विसरतील." सकाळी जिन्यात रंभाबेन भेटल्या.

"पंकजभाई, दोनच का? चारही महिने मॅनेज करा."

शेजारचं रिकामं घर समितीला ऑफिस म्हणून दिलंय, मीच दिलंय. मधली भिंत सहा इंचांची हवी होती, चार इंचांची आहे. ते मला माहीत होतं. आवाज इतका जातो हे माहीत नव्हतं. काल तिथे आठ जणी बसल्या होत्या म्हणे.

धारा म्हणते, त्यांचंही आपल्याला ऐकू येतं. ती त्यावरच अभ्यासातली मधली सुट्टी काढते. तिसऱ्या गल्लीतल्या वर्षाची सगाई मोडली, हे मला तिच्याकडूनच कळलं.

१४ जानेवारी

उत्तरायण. सगळी वसाहत गच्चीवर. क्वार्टर पाडल्यापासून भाड्याच्या खोल्यांत पांगलेली माणसं आज पहिल्यांदा एकत्र दिसली. उंधियू, चिक्की, कर्कश गाणी. कठडा धाराच्या कमरेपर्यंत येतो. ती पतंगाकडे बघत उलटी चालत गेली. हर्षिदानं तिची वेणी धरली.

मी दिवसभर कठड्याला पाठ लावून उभा राहिलो. पतंग उडवला नाही. कुणी विचारलं तर पाठ दुखते म्हणत होतो.

३० जानेवारी

देवशीकाका आले. वय अठ्ठ्याहत्तर. रेल्वेत खलाशी होते, अवजड सामान उचलायला. जुन्या क्वार्टरमध्ये स्लॅबचा तुकडा पडून त्यांचा उजवा खांदा गेला, तेव्हापासून डाव्या हातात काठी. आता भाच्याच्या खोलीत राहतात, पडद्याच्या मागे.

मला वाटलं तक्रार माझ्याबद्दल असेल. पण ते हर्षिदावर चिडले होते.

"बेटा, ऐकतोय की तू रोज एक खोट काढतेस. फरशी पोकळ असली तर असू दे. मीही पोकळ आहे आता. मला माझ्या दारामागे मरायचंय. पडद्यामागे नाही."

हर्षिदानं त्यांना खुर्ची दिली. चहा दिला, गाठिया दिले. जाताना ते बाथरूमला गेले. मी दाराशी उभा होतो. काठी ओल्या फरशीवर सरकली. मी धरलं म्हणून पडले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले, मी वायपरकडे.

१ फेब्रुवारी

बाथरूम फोडलं. फरशीखाली पाणी अडवणारा थर असायला हवा. नाही. ठेकेदाराच्या बिलात आहे. बिलावर सही माझी.

त्या आठवड्यात मी तीन साइट बघत होतो. हे इथे लिहितोय, कारण इतर कुठे लिहिण्यासारखं नाही.

२२ फेब्रुवारी

सगळं नीट केलं. थर घातला, उतार जाळीकडे घेतला, फरशी बदलली, भिंत जाड केली. गच्चीचा कठडाही वाढवला. हर्षिदानं बादलीभर पाणी ओतलं आणि खुर्ची घेऊन बघत बसली. पाणी सरळ जाळीत गेलं. दुपारी तिनं लापशी केली. "आता घर झालं," म्हणाली. सोळा वर्षांत माझ्या कामाबद्दल एवढं कधी बोलली नव्हती. मी आणखी लापशी मागितली.

शेठना सांगितलं. खूश. मी विचारलं, बाकीच्या घरांतही असंच घ्यायचं ना?

"बाकीची घरं कोण बघतंय? सही एका घरावर आहे."

मी 'हं' म्हटलं. 'हं' म्हणजे काय, ते त्यांनीही विचारलं नाही.

५ मार्च

पाणी येतं वीस मिनिटं. आज त्यातल्या दोन बादल्या हर्षिदानं कपड्यांना न वापरता तिसऱ्या मजल्यावर नेल्या. मला मागाहून कळलं. रंभाबेन आणि ती. एका बंद घराच्या बाथरूममध्ये ओतल्या आणि खालच्या घरात जाऊन वर बघत उभ्या राहिल्या. तासाभरात छताला ओल आली.

जेवताना तिनं विचारलं, "बाकीच्या त्र्याऐंशी घरांत थर आहे?"

"काम चालू आहे."

"कुठे चालू आहे?"

मी ताक मागितलं.

२९ मार्च

शेठ साइटवर आले. बाजूला घेऊन म्हणाले, "चार दिवसांवर आलंय. वहिनी सही करतील ना?"

"तिचं ती ठरवेल."

"पंकज, स्वतःच्या घरातली सही मिळवता येत नाही, आणि मी तुला पुढच्या वर्षी सुरतचं काम द्यायला निघालोय."

हर्षिदाला सगळं सांगितलं, सुरतसकट. धाराच्या कॉलेजचं, बापूजींच्या औषधांचं, सगळं मीच बोललो. तिनं एवढंच विचारलं:

"बांना तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ठेवाल?"

मी म्हटलं, बांचा इथे काय संबंध. ती भांडी घासायला उठली. मी पुसायला घेतली. आजवर कधी पुसली नव्हती, कारण आजवर एका घरात नव्हतो.

२ एप्रिल

सही. मंडळाचे साहेब, शेठ, समितीच्या आठ जणी, देवशीकाका. कागदावर एकच प्रश्न: नमुना घर राहण्यायोग्य आहे काय?

रंभाबेननी पेन हर्षिदापुढे सरकवलं. तिनं लिहायला बराच वेळ घेतला. साहेबांनी मोठ्यानं वाचलं: "हे घर राहण्यायोग्य आहे. बाकीची त्र्याऐंशी नाहीत. हर्षिदा पंकज रूपारेल."

शेठ हसून म्हणाले, "बाईमाणूस आहे, तिला तांत्रिक काय कळणार. पंकज, तू सांग साहेबांना."

सगळे माझ्याकडे बघत होते. अठरा वर्षं शेठचं मीठ खातोय. लग्नात त्यांनी माझ्या वरातीत नाचून चप्पल तोडली होती. तोंड उघडलं असतं तर मी नक्की काहीतरी गुळमुळीत बोललो असतो. म्हणून बोललो नाही. पेन घेतलं, तिच्या सहीखाली सही केली. हुद्दा लिहिला. शिक्का खिशात होता, तोही मारला.

देवशीकाकांनी विचारलं, "म्हणजे अजून किती?"

मी म्हटलं, "नीट केलं तर चार महिने."

ते काठीवर हनुवटी ठेवून बसले. मग म्हणाले, "चार. मी मोजणार आहे."

शेठ माझ्याशी न बोलता गेले.

३ एप्रिल

साइटवर येऊ नको, असा निरोप. मेसेजमध्ये. हर्षिदाला दाखवला. तिनं वाचला, फोन परत दिला आणि म्हणाली, "आज दोन्ही वेळेला तुम्ही जेवायला आहात तर." भाजी जास्त चिरली.

२४ एप्रिल

मंडळानं परवानगी रोखली. त्याशिवाय पुढची दुकानं विकता येत नाहीत. नव्या मॅनेजरनं कुठल्या घरात काय केलंय आणि काय नाही ते विचारायला मलाच तीन फोन केले. चौथा शेठचा होता.

"ये. तूच घातलेला घोळ आहे, तूच निस्तर."

कुठला घोळ म्हणतात, थराचा की सहीचा, ते विचारलं नाही. दोन्ही माझेच आहेत.

१६ ऑगस्ट

चाव्या वाटल्या. साडेचार महिने लागले. देवशीकाकांना तळमजला. दार आतून लावून घेतलं आणि बराच वेळ उघडलंच नाही. भाचा घाबरून हाका मारायला लागला. आतून आवाज आला, "बसलोय. जरा बसू द्या."

आम्ही मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. हर्षिदा मोरबीला परत गेली नाही.

६ ऑक्टोबर

सकाळपासून सहा फोन. जामनगर, भावनगर, जुनागढ — सगळे वेगवेगळ्या साइटवरचे मॅनेजर, सगळे शिव्या देतायत. मंडळानं परिपत्रक काढलंय: भागीदारीच्या प्रत्येक कामात मॅनेजरनं कुटुंबासह नमुन्याच्या घरात चार महिने राहायचं, आणि अभिप्राय पत्नीचा.

सातवा फोन भुजहून एका मॅनेजरच्या बायकोचा होता. तिला माझ्याशी बोलायचं नव्हतं. म्हणाली, "हर्षिदाबेनना द्या."