खापरे, रांजण आणि राहते घर

मी, खाली सही करणारी, दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत आयुष्यभर लोकांच्या कवळ्या घडवून निवृत्त झालेली विधवा बाई, माझ्या स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी दाखल्यात काही लिहिलेले नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केले असल्यास ते रद्द समजावे, केलेले नाही.

कलम १. राहते घर मी व माझ्या दिवंगत पतीने मिळून घेतले आणि त्यांच्या पश्चात ते माझ्या एकटीच्या नावे आहे. माझ्यानंतर या घरात माझी नणंद तहहयात राहील. तिला कोणी बाहेर काढू नये, तिच्याकडे भाडे मागू नये, आणि ‘तुमच्याच सोयीसाठी’ असे म्हणून तिला दुसरीकडे हलवू नये. तिच्या पश्चात घर माझ्या मुलाचे.

मुलाला हे आवडणार नाही, म्हणून कारण लिहिते. मागच्या खेपेला तो आला तेव्हा जेवता जेवता म्हणाला, “आई, तुझ्यानंतर आत्या एकटी इथं काय करणार? तिच्यासाठी चांगलासा वृद्धाश्रम बघू आणि घर विकून टाकू.” आत्या तेव्हा ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने गॅस बंद केला, त्याला आणखी भात वाढला आणि मीठ बरोबर आहे का म्हणून विचारले. तो गेल्यावर मला दिसले की तिने आपले कपडे कपाटातून काढून बॅगेत भरून ठेवले आहेत. बॅग अजून पलंगाखाली आहे. मुलाने ती स्वतःच्या हाताने रिकामी करावी आणि कपडे कपाटात लावून द्यावेत, अशी माझी इच्छा आहे. तो वाईट नाही. त्याला लांबून सगळे सोपे दिसते.

कलम २. नणंदेचे आणि माझे फारसे कधी पटले नाही, हेही नोंदवून ठेवते, म्हणजे मी तिच्यावरच्या प्रेमापोटी घर दिले असे कोणाला वाटू नये.

आमच्या नदीचे पाणी उतरले की पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडतात. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात पतीबरोबर तिथे फिरायला गेले आणि पायाला काहीतरी टोचले. उकरून पाहिले तर एका जुन्या मडक्याचा काठ होता, आणि काठावर ओल्या मातीत बोट दाबून केलेली खळ्यांची नक्षी. त्या प्रत्येक खळीत माझी करंगळी नेमकी बसली. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे ठसे हाताळणारी मी. पण केव्हाच मरून गेलेल्या माणसाचा ठसा असा ताजा हाताला लागेल असे वाटले नव्हते. तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी त्या वाळूत. पती कंटाळत नसत. ते टोपली धरत आणि माझ्याशी बोलत राहत.

नणंद आमच्याकडेच राहायची, शिवणाचे वर्ग घ्यायची. तिला हे वेड वाटे. लोक घरातली फुटकी मडकी बाहेर टाकतात, ही बाहेरची घरात आणते, असे ती गल्लीभर सांगत असे. मागच्या दारी फरशी बसवायचे काम निघाले, गवंड्याला भराव कमी पडला, तेव्हा हिने माझी खापरांची एक अख्खी टोपली त्याच्या हवाली केली. मी कामावर होते. ती खापरे आजही फरशीखाली आहेत. आपले चुकले असे तिने अजून म्हटलेले नाही.

पती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी एकटीच जाऊ लागले. एकदा पट्ट्याच्या पार पलीकडच्या टोकाला एक रांजण सापडला. तडकलेला, पण सगळे तुकडे जागच्या जागी, वाळूने धरून ठेवलेले. मी गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा सोडवत होते. वरच्या धरणातून पाणी सोडणार म्हणून भोंगा वाजला म्हणतात. मी ऐकला नाही. मान वर केली तेव्हा माझ्या आणि काठाच्या मध्ये, जिथून मी चालत आले होते तिथे, नदी वाहत होती. मला पोहता येत नाही. मी ओरडून पाहिले, मग ओरडायचे थांबवले, आणि काय करावे ते न सुचून पुन्हा तुकडे काढू लागले.

भोंगा नणंदेने घरी ऐकला होता. ती होती तशी काठावर धावली. वाळू वाहणारा नावाडी म्हणाला, पाणी स्थिरावू द्या, मग बघू. तोवर नावेत कधी पाय न ठेवलेली ही बाई नावेत जाऊन बसली आणि त्याला म्हणाली, “तू येत नसशील तर मी एकटी निघते. मला वल्हवता येत नाही.” नावाडी आला.

ते पोचले तेव्हा पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत होते. तिने हात दिला, मी नावेत चढले. मग ती खाली उतरली. नावाडी तिला परत बोलावत राहिला. तिने टोपली उचलून नावेत ठेवली, पुन्हा वाकली, आणि गढूळ पाण्यात चाचपडून रांजणाचे बूड शोधून काढले.

“वहिनी, याच्यासाठी मरायला बसली होतीस ना? मग अख्खा तरी घेऊन चल,” ती म्हणाली.

तिच्या चपला वाहून गेल्या. घरी येईपर्यंत ती मला बोलत होती, आणि दारात आल्यावर मात्र पायरीवर बसून रडली. भाऊ गेला तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती.

फरशीखाली गेलेल्या टोपलीचा राग गेलेला नाही. एका गोष्टीने दुसरी फिटत नाही. मी दोन्ही लक्षात ठेवल्या आहेत. घर तिला दिले ते फेड म्हणून नव्हे. आता ते तिचेच घर आहे म्हणून.

कलम ३. तो रांजण मी जोडून हॉलमध्ये ठेवला आहे. त्याची नोंद संग्रहालयात केलेली आहे आणि माझ्यानंतर तो तिकडे जाईल. नणंद त्यात छत्र्या ठेवते. संग्रहालयाच्या बाईंनी हे एकदा पाहिले आणि निदान कोरड्या ठेवा म्हणाल्या. रांजण नेण्यापूर्वी छत्र्यांसाठी काहीतरी आणून द्यावे.

कलम ४. नोंद न झालेली बाकीची खापरे वाहत आलेली असल्याने अभ्यासाला निरुपयोगी आहेत, असे त्याच बाईंनी सांगितले, आणि ते मला पटते. ती अंगणात पुरू नयेत. पुढे कोणी उकरले तर उगाच फसेल. संग्रहालयात ज्यांना दिसत नाही अशा लोकांना वस्तू हाताळू देतात. तिथे द्यावीत.

कलम ५. कवळीचे दात घासूनपुसून नीट करण्याच्या माझ्या सळ्या, ब्रश व कोरण्या संग्रहालयाच्या जोडकामाच्या खोलीला. निवृत्तीच्या दिवशी दंतवैद्यांनी दिलेले भिंतीवरचे घड्याळ त्यांच्या मुलाला परत. ते एक दिवसही चाललेले नाही.

कलम ६. बँकेतील सर्व शिल्लक मुलाला. “माझ्या सगळ्या सुट्ट्या तुझ्या वाळूत गेल्या,” असे तो मला म्हणाला आहे, आणि ते खरे आहे. परंतु लहानपणी रुसून एकटा बसला असताना मातीच्या खेळगाडीचे चाक त्यालाच सापडले होते. ते संग्रहालयात काचेमागे आहे आणि खाली शोधणाऱ्याचे नाव म्हणून त्याचे नाव आहे. तो ते पाहायला कधी गेला नाही. ही अट नाही. जावे.

कलम ७. साक्षीदारांविषयी. वकीलबाई माझा मसुदा तपासून वाचून दाखवायला आल्या तेव्हा नणंद चष्मा लावून, पेन घेऊन तयार बसली होती. ज्याला मिळकतीत काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे त्यांनी सांगितले.

“मग घर काढा त्यातून,” नणंद म्हणाली. “हिचं डोकं ठिकाणावर आहे हे त्या डॉक्टरला काय माहीत? जन्मभर हिच्याशी भांडले ती मी.”

मी मसुदा बदलू दिला नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि साक्षीदारांच्या समोर सही केली.

ठिकाण : राहते घर. तारीख सहीशेजारी हाताने घातली आहे.

सही : मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १ : दाखला देणारे डॉक्टर (सही)
साक्षीदार २ : समोरच्या औषधाच्या दुकानाचे मालक (सही)

टीप : समासात उभी केलेली चौथी सही नणंदेची आहे. ती साक्ष म्हणून धरू नये, असे वकीलबाई सांगतात. ती खोडू नये, असे मी सांगते.