सुकेळ्यांचा डबा कोण उघडतं?

प्रिय आप्पा,

तुमचं वर्षश्राद्धही व्हायचंय अजून, आणि मी तुमच्यावर आरोप करायला बसलेय. काय करू? काल तुमच्या नातीला, सईला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. दाढेला कीड! तीही दुधाच्या नाही, मागे नुकत्याच आलेल्या नव्या दाढेला. ती आयुष्यभराची, पडून दुसरी येणारी नव्हे.

"सूनबाई, तू पोलिसात जायला हवी होतीस," म्हणायचात ना? मग ऐका तपास. पहिला संशय शेजारच्या काकूंच्या चॉकलेटवर. दुसरा तुमच्या लेकावर. तो येताना खिशातून काय काय आणतो, मला ठाऊक नाही होय? दोघांनी हात वर केले. आज सकाळी सईचं तोंड हुंगलं, तर केळ्याचा वास! रात्री घरात केळं नव्हतं.

"कोण देतं गं तुला?"

"आप्पा देतात."

अहो, अंगावर काटाच आला माझ्या!

मग तुमचा सुकेळ्यांचा डबा काढला. आपल्या गासच्या वाडीतली राजेळी केळी, तुम्ही स्वतः उन्हात वाळवून सुक्या पानात बांधलेली. डबा अर्ध्याच्या खाली! चहा करता करता आईंना सरळ विचारलं. पदराच्या गाठीतून एक सुकेळं काढून त्यांनी ओट्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, "दात घासले की तुझे सासरे तिला एक द्यायचे, म्हणून पोर अजून त्यांच्या खाटेकडं जाते. रिकामी खाट बघून रडते. मी काय करनार? म्हटलं, आप्पांनी पाठवलंय, घे."

म्हणजे सुरुवात तुमचीच! दात घासल्याचं बक्षीस म्हणून सुकेळं? आप्पा! रोज रात्री पोरगी न सांगता ब्रश हातात घ्यायची, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

"चॉकलेट थोडंच आहे, फळ आहे ते!" हेच म्हणाला असतात ना? डॉक्टर म्हणाल्या, दाताला दोन्ही सारखंच. चिकट गोड दाढेच्या खाचेत बसतं, तोंडातले जंतू त्यावर ताव मारून आम्ल सोडतात आणि ते दात पोखरतं. झोपेत लाळही कमी सुटते, मग धुऊन काढणार कोण?

तुमचा फार राग आला. पण आई तो डबा उघडून नुसता वास घेतात, स्वतः एकही खात नाहीत. ते पाहिलं आणि मीही रडले.

दाढ लवकर सापडली, भरून होईल. उरलेली सुकेळी सईला दुपारी जेवणाबरोबरच देईन, वर खळखळून चूळ. रात्री फ्लोराइडची पेस्ट, माझ्यासमोर. त्यानंतर फक्त पाणी. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. आणि घासलेले दात दाखवायला ती येईल, तेव्हा तुमची खाट रिकामी नसेल, हा माझा शब्द. शाब्बास म्हणायला आई आणि मी तिथे बसलेल्या असू.

आईंचा पदर आधी तपासून!

तुमची संशयी सूनबाई,
मेधा